भुईफोडांना प्रवेश बंद

गाडीत कोणीच बोलत नव्हते. इंजिन बंद पडताना गाडीने असा काही हिसका दिला होता, की मागच्या सीटवर बसलेल्या दाताच्या डॉक्टरांची टोपी त्यांच्या नाकावर येऊन थांबली होती. आणि ती त्यांनी अजून वर सारली नव्हती, कारण त्या शांततेत टोपी सारणे हेसुद्धा मध्ये तोंड घालण्यासारखे झाले असते. स्टिअरिंगमागे भाची होती. शेजारच्या सीटवर आत्या होती. आत्याच्या पायांशी दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक होता, शिकाऊ माणसांच्या चुका वेळेवर झेलण्यासाठी बसवलेला. पण ही चूक तिने झेलली नव्हती, होऊ दिली होती. आता ती समोरच्या काचेतून अशी पाहत होती, जणू काचेपलीकडे रस्ता नसून एखादे न आवडलेले चित्र टांगले आहे.

मागून एका टेम्पोने हॉर्न वाजवला.

"न्यूट्रल करा," आत्या म्हणाली. "किल्ली फिरवा. आणि क्लच असा सोडा, की झोपलेलं मूल पाळण्यात ठेवताय. धोंडा टाकल्यासारखा नको, मॅडम."

भाचीला एरवी हसू आले असते. पण त्या वाक्याच्या शेपटाला 'मॅडम' लोंबकळत होते, आणि 'करा', 'फिरवा', 'सोडा' ही सगळी आदराची रूपे एकामागून एक तिच्या अंगावर आदळत होती. लहानपणी जिने कानामागचा मळ काढताना तिचा कान जवळजवळ उपटून हातात घेतला होता, तीच बाई आज तिला 'तुम्ही' म्हणत होती. माणसाला दूर लोटायला शिवी लागतच नाही, आदर पुरतो.

"दुखतंय का?" मागून डॉक्टर टोपीखालून म्हणाले. "दुखत असेल तर हात वर करा." मग आपण दवाखान्यात नाही हे त्यांना आठवले.

गाडी सुरू झाली आणि गल्लीतून पुढे सरकली.

आत्या आणि भाची एकाच घरात राहत, आणि गेली दोन वर्षे आत्या भाचीशी बोलत नव्हती. बोलत होती, पण वस्तूंशी. दूध संपल्याचे ती फ्रिजला सांगे, उशीर होत असल्याचे भिंतीवरच्या घड्याळाला, आणि कोणीतरी दिवा चालू ठेवूनच झोपते ही तक्रार ती थेट दिव्याकडेच नोंदवी. भाचीने उत्तर दिले, तर ती त्या वस्तूकडे डोळे मोठे करून बघे: अगं बाई, तुला वाचा फुटली! घरातले सगळे लाकडी-लोखंडी सामान हळूहळू त्या दोघींमधले दुभाषे होऊन बसले होते. भाचीला कधी कधी वाटे, की एखाद्या संध्याकाळी ही जुनी आरामखुर्चीच हात जोडून म्हणेल, बायांनो, आता पुरे. माझे सांधे दुखायला लागले.

पण शिकाऊ माणसाशी न बोलता त्याला गाडी शिकवता येत नाही. हे भाचीला काल उमगले, आणि आज सकाळी ती आत्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाकावर डॉक्टरांच्या शेजारी जाऊन बसली.

आत्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "नवीन का?"

"जुनीच. मागे परीक्षेत नापास झालेली."

"चष्मा पुसा आणि बसा."

"आपण एकमेकींना ओळखता वाटतं?" डॉक्टरांनी उत्साहाने विचारले.

"तोंडओळख आहे," आत्या म्हणाली, आणि गाडीचे दार तिने इतक्या सभ्यतेने लावले की ते आपटले असते तर बरे, असे भाचीला वाटले.

भांडणाचे मूळ एका काठीच्या टोकावर होते.

शहराच्या कडेला, जिथून नदी फार पूर्वी आपले अंथरूण गुंडाळून दुसरीकडे निघून गेली होती, तिथे वाळूचे एक मैदान होते. कोणाच्याच उपयोगाचे नाही म्हणून ते नगरपालिकेचे होते, आणि नगरपालिकेच्याही उपयोगाचे नाही म्हणून ते आत्याचे झाले होते. वर्षानुवर्षे तिच्या गाड्या तिथे आठचा आकडा गिरवत. वळणे कळावीत म्हणून तिने वाळूत काठ्या रोवल्या होत्या, आणि बॉनेटवरून दिसाव्यात म्हणून प्रत्येक काठीच्या डोक्यावर टेबल टेनिसचा एक एक चेंडू खोचला होता. एकदा एका शिकाऊने रिव्हर्समध्ये एक काठी उडवली, तर ती मोडण्याऐवजी फुस्स करून फुटली आणि तिच्यातून तपकिरी धूर निघाला. आत्याने तो अवशेष रुमालात बांधून घरी आणला. "बघ गं बुरशे," ती म्हणाली होती, कारण तेव्हा भाचीचे लाडाचे नाव बुरशी होते, "माझी काठी सडली का काय झालं हिला?"

भाची कवकांची अभ्यासक होती. रुमाल उघडला आणि तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ती काठी नव्हतीच. तो दांडीचा भुईफोड होता, अळंबीचाच एक भाऊबंद, ज्याला तिने तोवर फक्त काचेच्या कपाटात, वाळलेला आणि पोटात भुसा भरल्यासारखा पाहिला होता. ज्याच्यापुढे सगळ्या जाणकारांनी 'बहुधा नामशेष' असे लिहून पेन खाली ठेवले होते. वाळूच्या पोटातून एक खरबरीत दांडी वर येते. दांडीच्या टोकाशी एक पांढरा चेंडू. चेंडूची टोपी गळली की आत नुसती धूळ, आणि त्या धुळीच्या कणाकणात एक एक पुढचा भुईफोड पाय पोटाशी घेऊन झोपलेला. सबंध आयुष्य म्हणजे जमिनीखाली चाललेली एका शब्दाची तयारी, आणि तो शब्द उच्चारला की फक्त, फुस्स. भाचीला हे असे जगणे फार सुंदर वाटे. ती स्वतःही बोलायला बसली की तयारीतच बराच वेळ जाई.

त्यानंतरचे सगळे तिने त्याच्या प्रेमापोटी केले. मैदान संरक्षित व्हावे म्हणून सहा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. कुंपण आले. पाटी आली. आत कोणाचेही पाऊल पडू नये असा नियम झाला, आणि नियम करणारीने तो आधी स्वतःला लावला: ती फाटकाबाहेर उभी राहून दुर्बिणीतून बघे. आत्याच्या गाड्या रस्त्यावर आल्या. एका शिकाऊने न्हाव्याच्या दुकानात गाडी घातली आणि दाढीला बसलेल्या गिऱ्हाइकाने आरशात ती येताना पाहिली. दुसऱ्याने एका शाळेच्या मिरवणुकीसारख्या रांगेमागे तासभर पहिल्या गिअरमध्ये गाडी रखडवली. हळूहळू बाकावर फक्त दाताचे डॉक्टर उरले, ज्यांना कोणत्याही किंकाळीची सवय होती.

आणि काल समिती आली.

समितीचे अध्यक्ष हळू बोलणारे, हळू चालणारे, आणि त्यामुळे फार विचारी समजले जाणारे वृद्ध गृहस्थ होते. भाची त्यांना एक भुईफोड दाखवणार होती. एकुलता एक. गवतामागे उभा असलेला तो पांढरा चेंडू तिने दुर्बिणीतून कितीदा पाहिला होता, त्याच्यावर परिषदेत भाषण केले होते, आणि टाळ्या पडल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले होते. फाटक उघडले. कमरेइतके गवत सारत सगळे आत गेले. अध्यक्ष वाकले. त्यांनी बोटाच्या पेराने चेंडूवर हलकेच टिचकी मारली.

टक्, असा आवाज आला.

"बाई," अध्यक्ष बऱ्याच विचारानंतर म्हणाले, "याच्यावर एक तारा छापलेला दिसतो. हे या जातीचं लक्षण आहे का?"

पुढचे भाचीला नीटसे आठवत नव्हते. फक्त निर्णय आठवत होता. समितीचे मत पडले, की कुंपण अपुरे आहे म्हणून भुईफोड गेला. तेव्हा दोन दिवसांत कंत्राटदार येऊन जुन्याच्या बाहेरून दुसरे, उंच कुंपण घालील, आणि दोन्हींमधल्या मातीतून सिमेंटचा पाया जाईल. "काळजी करू नका," अध्यक्ष म्हणाले, "यापुढे एक मुंगीसुद्धा आत जाणार नाही." मग ते गाडीत बसले, त्यांची गाडी फाटकाबाहेर मागे सरकली, आणि मागच्या चाकाखालून फुस्स करून तपकिरी धूर निघाला.

समिती गेली तरी भाची तिथेच उभी होती. मग ती गुडघे टेकून बसली. फाटकाबाहेर, मातीत चाकांची चाकोरी पडली होती तिथे, एक उभा होता. पलीकडे आणखी एक, मान तिरकी करून. आणखी दोन. आत, संरक्षित गवतात, काही नाही. बाहेर, धूळ उडते तिथे, ही मंडळी ऐटीत उभी. कारण आत्याने एक जिद्द सोडली नव्हती: ती रोज प्रत्येक शिकाऊला या फाटकापर्यंत आणी आणि इथून गाडीचे तोंड फिरवायला लावी. ज्या जागेने आपल्याला हाकलले, तिच्याकडे रोज तोंड फिरवायचे. आणि त्या तोंड फिरवण्याने तेवढी वाळू उघडी राहिली होती.

भाचीला सगळे एकदम कळले. चाके थांबली म्हणून गवत आले, आणि गवताने वाळू झाकली तसा भुईफोड गेला. तिने त्याला जपण्यासाठी जे जे केले होते, ते ते त्याच्या गळ्याभोवती आवळले गेले होते. पाया खणला की ही बाहेरची पट्टीही जाणार. तिला कंत्राटदार येण्याआधी मैदानात चाके हवी होती, आणि तिला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती.

"आरसा," आत्या म्हणाली.

"आत्या, मला एक सांगायचंय."

"आरशात बघून सांगा."

भाचीने आरशात बघून सांगितले. आरशात डॉक्टर होते, त्यामुळे तिला जे आत्याला सांगायचे होते ते सगळे दाताच्या डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत सांगावे लागले. आणि डॉक्टर प्रत्येक वाक्याला अशी मान डोलवत होते, जणू त्यांना ही अक्कलदाढ केव्हाच दिसली होती. तिने अध्यक्षांची टिचकी सांगितली. तारा सांगितला. तो तिने मुद्दाम नीट रंगवून सांगितला, कारण तिला खात्री होती की इथे आत्या हसेल.

"डावीकडे इंडिकेटर," आत्या म्हणाली. पण तिच्या गालात काहीतरी हलले, आणि तिने ते खिडकीबाहेर बघून गिळले.

गल्ली संपली. घरे मागे पडली. पुढे फाटक, फाटकावर पाटी, आणि पाटीमागे वाऱ्यावर माना टाकणारे हिरवेगार, निर्दोष, जीवघेणे गवत.

"इथून तोंड फिरवायचं," आत्या म्हणाली. "पूर्ण स्टिअरिंग उजवीकडे."

भाचीने फिरवले नाही. तिने गाडी चाकोरीच्या अलीकडे थांबवली, हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केले. या खेपेला मुद्दाम.

"आत्या, जागा घेतली तुझी. चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं, तुझा धंदा बसला, सगळं खरं. पण जागेसाठी माणूस दोन वर्षं फ्रिजशी बोलतं का गं?"

"जागा?" आत्याची मान इतक्या वेगाने वळली की डॉक्टरांनी टोपी धरली. "जागेचं कोण बोलतंय? जागा काय माझ्या बापाची होती? तुझ्या बुरशीला हवी होती, घेतलीस, बरं झालं. मीच आणून दिली होती तुला रुमालातून. वाच ती पाटी."

भाचीच्या कानांनी 'घेतलीस' पकडले, 'तुला' पकडले, 'वाच' पकडले. दोन वर्षांत पहिल्यांदा आत्या तिच्यावर खरी चिडली होती. तिला इतके हलके वाटले, की पाटी वाचायची राहिली.

"वाच. मोठ्यानं."

"संरक्षित क्षेत्र," भाचीने वाचले. "भुईफोड..."

"आता मध्येच गचके नको खाऊस. पुढे."

"भुईफोड ड्रायव्हिंग स्कूलला प्रवेश बंद."

वाचून झाले. गवत हलले. भाचीने पुन्हा वाचले, या वेळी मनात, आणि तिच्या मानेपासून कानाच्या पाळीपर्यंत रक्त चढत गेले.

तिने रंगाऱ्याला दोन ओळी दिल्या होत्या. वर 'भुईफोड संरक्षित क्षेत्र', खाली 'ड्रायव्हिंग स्कूलला प्रवेश बंद'. रंगाऱ्याला 'संरक्षित क्षेत्र' हे शब्द भारदस्त वाटले, म्हणून त्याने ते वर एकटेच मोठ्या अक्षरांत काढले, आणि उरलेला भुईफोड खालच्या ओळीत जिथे जागा मिळाली तिथे बसवून दिला. बस, एवढेच. पण भुईफोड! तिच्या लेखी तो शब्द म्हणजे एक गोल, पांढरा, निरागस जीव. उरलेल्या जगाच्या लेखी तो शब्द म्हणजे ज्याला आगापिछा नाही, कूळ नाही की मूळ नाही, असा एका रात्रीत उगवलेला आणि उद्या गाशा गुंडाळून पसार होणारा इसम.

"मला वाटलं स्कूलचं नावच आहे ते," डॉक्टर मागून म्हणाले. "मी पहिल्यांदा चौकशी केली तेव्हा चौकात विचारलं होतं, भुईफोड ड्रायव्हिंग स्कूल कुठे आहे. लगेच सांगितलं सगळ्यांनी."

"आणि तरी मी तुम्हाला गाडीत घेतलं," आत्या म्हणाली.

"उपकार आहेत."

"मी पहिली गाडी घेतली ना," आत्या आता पाटीकडे बघत बोलत होती, पण वस्तूशी बोलत नव्हती, "एका बाजूचं दार दोरीनं बांधलेलं असायचं तिचं. तेव्हा लोक हाच शब्द म्हणाले होते. ना बापाचा धंदा, ना नवऱ्याचं नाव, कुठनं उगवली ही भुईफोड? मी म्हटलं, म्हणू देत. अर्ध्या शहराला गाडी शिकवली. शब्द जिरला. आणि मग एक दिवस बघते, तर घरातल्याच माणसानं तो रंगवून फाटकावर लावलाय. ऑइलपेंटमध्ये."

"अगं, रंगाऱ्यानं ओळी चुकवल्या!"

"रंगाऱ्याला मी लहानाचं मोठं नाही केलं."

आत्या पाटीकडून भाचीकडे वळली.

"दोन वर्षं रोज इथे उभी होतीस. दुर्बीण घेऊन. एवढी हातभर अक्षरं दिसली नाहीत?"

"दिसली," भाची म्हणाली. खरे बोलण्याला पर्याय उरला नव्हता. "रोज दिसली. पण आत्या, मला तो शब्द वाईट वाटतच नाही गं. माझ्या तोंडी तो लाडाचा आहे. मी 'भुईफोड' वाचलं की मला आत कुठेतरी बरं वाटतं. मी पुढचं वाचतच नव्हते."

"लाडाचा," आत्या म्हणाली. तिने तो शब्द दाढेखाली खडा यावा तसा फिरवून पाहिला. "ऐकताय ना डॉक्टर? लाडाचा."

"बधिर केल्यावर रुग्णही असंच काहीबाही बोलतात," डॉक्टर म्हणाले. "मनावर घेऊ नये."

आत्या हसली नाही, पण तिने सीटबेल्ट सैल केला. "बरं. आता काय हवंय तुला माझ्याकडून?"

"गाड्या. आत. आजच. उद्या कंत्राटदार येतोय."

"परवानगी?"

"नाही."

"आणि मग नोकरी?"

"जाईल बहुतेक. ज्या बाईनं टेबल टेनिसच्या चेंडूवर भाषण केलं, ती आता संरक्षित क्षेत्रात गाडी घालते म्हटल्यावर कोण ठेवील?"

आत्याने हे सगळे, चढावर गाडी थांबवून मागचा-पुढचा अंदाज घ्यावा, तसे ऐकून घेतले. मग तिने हात बाहेर काढून फाटकाकडे बोट केले. "किल्ली तुझ्याकडे आहे. उघड. पण मी नाही चालवणार. कुंपण तुझं, बुरशी तुझी, नोकरी तुझी. मी शेजारी बसते."

"मला येत नाही, आत्या! वाळूत तर मुळीच नाही."

"म्हणून तर लोक इथे यायचे."

फाटक कुरकुरत उघडले. भाची पुन्हा स्टिअरिंगमागे येऊन बसली. समोर गवताची भिंत होती, आणि भिंतीखाली, कदाचित, वाळूच्या अंधारात भुईफोडाचा शेवटचा जिवंत धागा होता, ज्याला तिने दोन वर्षे वाऱ्याचाही धक्का लागू दिला नव्हता. आता त्याच्या छाताडावरून गाडी न्यायची.

"फर्स्ट टाक."

"खाली असेल तर तो?"

"मघाशी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून तूच सांगितलंस ना, की त्याला चाकं हवीत? तुझं तुला तरी पटलंय का?"

भाचीने फर्स्ट टाकला. क्लच तिने झोपलेल्या मुलासारखा सोडला, पण मूल जागे झाले: गाडीने एक उडी मारली, दुसरी मारली, आणि मग गवत दोन्हीकडे मान तुकवत बाजूला होऊ लागले. बंपरखाली काहीतरी करकरत होते. भाचीने डोळे मिटले.

"डोळे उघडून चालव," आत्या म्हणाली. "हाफ क्लच. आता डावीकडे. अजून. अजून. घाबरतेस काय, इथे न्हावी नाही. आता उजवीकडे तोड."

चाके रुतली, फिरली, मागे वाळूचा फवारा उडाला. भाचीने दात आवळून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला, आणि गाडी बाहेर आली. आरशात तिला दिसले, की तिच्या मागे गवताची साल निघाली आहे आणि खालून, कित्येक दिवस उन्हाचे तोंड न पाहिलेली वाळू, झोपेतून उठवलेल्या माणसासारखी डोळे मिचकावते आहे. तिच्या घशातून एक आवाज निघाला. ते हसू होते की हुंदका, याचा निर्णय डॉक्टरांना करता येईना. त्यांच्या धंद्यात दोन्ही सारखेच ऐकू येतात.

तिने आठ काढला. तो आठ नव्हता, फार तर एखाद्या निरक्षर माणसाने अंगठ्याऐवजी केलेली खूण होती. तिने दुसरा काढला. मग आत्या म्हणाली, "आता रिव्हर्स," आणि गाडी मागे सरकू लागली, आधी जरा हळू, मग वाळूच्या उतारावर स्वतःच्या मनाने. मागच्या काचेत, आतल्या बाजूला पूर्ण उलटून उघडलेल्या फाटकावरची पाटी मोठी होत गेली. संरक्षित क्षेत्र. मग फक्त संरक्षित. मग फक्त भुईफोड.

"मी हात वर करतोय!" डॉक्टर ओरडले. "दोन्ही हात वर केलेत मी!"

आत्याचा पाय दुसऱ्या ब्रेकवर नव्हता. तो तिने सीटखाली दुमडून घेतला होता. भाचीने स्वतःच एका पायाने क्लच आणि दुसऱ्याने ब्रेक दाबला, आणि गाडी पाटीपासून वीतभर अंतरावर, जन्मात पहिल्यांदा, बंद न पडता थांबली.

"का थांबलीस?" आत्याने विचारले.

दोघी खाली उतरल्या. मैदानाची अवस्था बघवत नव्हती. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गवत चिरले गेले होते, मुळे वर आली होती, आणि एवढे करून उघडी झालेली वाळू म्हणजे जेमतेम एका अंगणाएवढी. भुईफोड अर्थातच एकही दिसत नव्हता. भाची वाकून वाळू मुठीत घेत होती, हुंगत होती, पुन्हा सोडत होती.

"तो उगवेलच असं नाही," ती म्हणाली. "खाली तो जिवंत असेल तर एखाद्या पावसाळ्यानंतर कळेल. कदाचित नाहीच कळणार. कंत्राटदाराला मी उद्या फाटकात उभी राहून अडवीन, अध्यक्षांना बाहेरचे भुईफोड दाखवीन, काय व्हायचं ते होईल. ते माझ्याकडे. पण एकटीनं हे एवढं मैदान नाही व्हायचं. आणि माझा आठ तर तू बघितलासच."

"आठ कुठला, पाच होता तो," डॉक्टर गाडीतून म्हणाले. त्यांनी अजून एक हात वर धरला होता, न जाणो.

"सगळ्या गाड्या लागतील. रोज. पूर्वीसारख्या. आणि पाटी मी आत्ताच काढून टाकते, किंवा तुझ्या हातांनी काढ, किंवा तू सांगशील ते लिहून घेते नवीन." भाचीने हातातली वाळू झटकली. "आत्या, येशील ना गं परत?"

आत्याने पाटीकडे पाहिले. चिरलेल्या गवताकडे पाहिले. भाचीच्या चष्म्यावर चिकटलेल्या वाळूकडे पाहिले, आणि क्षणभर वाटले की ती पदराने तो चष्मा पुसणार. पण ती वळली, आणि मैदानाच्या त्या भागाकडे चालू लागली जिथे चाके पोचली नव्हती आणि गवत अजून कमरेइतके उभे होते. ती सावकाश चालत होती. दर पावलाला ती एखादा गवताचा झुपका शोधी, त्याच्यावर टाच रोवी, सगळा भार टाकून ती टाच अर्धी फिरवी, आणि मगच पुढचे पाऊल उचली. आणि तिच्या मागे, पावलागणिक, वाळू उघडी पडत चालली होती.